जवळ, स्वस्त आणि आत्ता: जनावरांचा डॉक्टर शोधणारं अ‍ॅप कसं घडतं?

“कुत्रं सकाळपासून ओकतंय. जवळ स्वस्तातला डॉक्टर आहे का कोणी? आत्ता पाहिजे.”

सोसायटीच्या किंवा गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा प्रश्न अधूनमधून येतोच. उत्तरंही ठरलेली असतात. एक जण नंबर टाकतो. दुसरा सांगतो, तो दवाखाना केव्हाच हलला. तिसरा घरगुती काढा सुचवतो. चौथा हात जोडल्याचं चित्र टाकतो. तासाभरानं कोणीतरी म्हणतं, “अरे, एवढी अ‍ॅपं आहेत, याचं एखादं का नाही काढत?”

सूचना रास्त आहे. या प्रकरणात आपण ते अ‍ॅप कागदावर बांधून बघू. कोडची एकही ओळ लिहायची नाही. वरच्या प्रश्नातले तीन शब्द घ्यायचे, जवळ, स्वस्त आणि आत्ता, आणि प्रत्येकाचा अर्थ संगणकालाही कळेल इतका नेमका करायचा. गाव घेऊ महाळुंगे.

१. दूध न देणाऱ्या जनावराची अडचण

महाळुंगे इंगळे हे खेड तालुक्यातलं, चाकण-तळेगाव रस्त्यावरचं गाव. बजाज ऑटोचा चाकणचा कारखाना याच गावच्या हद्दीत आहे. एमआयडीसी येण्याआधी इथं जनावर म्हटलं की बैल, म्हैस, शेळी. आता त्याच गावात गोठाही आहे, कामगारांच्या भाड्याच्या खोल्याही आहेत आणि लिफ्टवाल्या इमारतीही. गोठ्यात म्हैस, खोलीपुढं कंपनीच्या गेटवरून उचलून आणलेलं पिल्लू आणि चौथ्या मजल्यावर लॅब्रेडॉर.

यातल्या म्हशीला सरकारी यंत्रणा चांगली ओळखते. तिच्या कानात १२ आकडी क्रमांकाचा बिल्ला असतो. तिच्यासाठी जिल्हा परिषदेचे आणि राज्य शासनाचे पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. १९६२ हा फुकट लागणारा नंबर आहे आणि त्यावर बोलावता येणारी फिरती पथकं आहेत. एका गाडीत एक पशुवैद्य, एक सहायक आणि एक चालक. केंद्राच्या योजनेत साधारण एक लाख पशुधनामागं अशी एक गाडी धरली आहे. शेतकऱ्याचं पोट ज्या जनावरावर चालतं ते आधी वाचवायचं, हा त्यामागचा विचार. त्यात चूक काही नाही.

कुत्रं-मांजर मात्र दूध देत नाही, नांगर ओढत नाही. सरकारी दवाखान्यात त्यालाही तपासतात, पण तिथला औषधसाठा आणि लसीकरणाच्या मोहिमा आखल्या जातात त्या गाई-म्हशी-शेळ्यांसाठी. म्हणून पाळीव प्राण्याचा मालक चार दारं ठोठावतो: सरकारी दवाखाना, खाजगी क्लिनिक, धर्मादाय रुग्णालय आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. मुंबईत परळला ही शेवटची दोन्ही दारं शेजारी-शेजारी आहेत, बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आणि १८८६ साली सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय. महाळुंग्याहून महाविद्यालय गाठायचं तर अख्खं पुणं ओलांडून साताऱ्याच्या वाटेवर शिरवळला जावं लागतं.

चारही दारांच्या वेळा वेगळ्या, दर वेगळे, नियम वेगळे. चारही एका जागी दिसतील अशी यादी नाही. आपल्या अ‍ॅपचं काम हेच.

२. पण कोणतं महाळुंगे?

पहिली ठेच गावाच्या नावालाच लागते. पुणे जिल्ह्यात महाळुंगे एक नाही. चाकणजवळचं महाळुंगे इंगळे आपलं. दुसरं बालेवाडीच्या क्रीडासंकुलाला लागून. तिसरं आंबेगाव तालुक्यातलं महाळुंगे पडवळ. कोणी नुसतं ‘महाळुंगे’ लिहिलं आणि अ‍ॅपनं बालेवाडीकडचे दवाखाने दाखवले, तर आजारी पिल्लू घेऊन माणूस भलत्याच टोकाला जाईल.

टपाल खात्यापुढंही हीच अडचण होती: एकाच नावाची अनेक गावं आणि पत्ते लिहिण्याच्या अनेक लिप्या. तोडगा काढला श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतात काव्य-नाटकं लिहिणारे लेखक, अशी त्यांची दुहेरी ओळख. त्यांनी आखलेली सहा आकडी पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून देशात लागू झाली. पहिला आकडा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपालाची छाननी होणारा जिल्हा आणि शेवटचे तीन टपाल वाटणारं कार्यालय. चाकणकडचं महाळुंगे ४१०५०१ मध्ये येतं, बालेवाडीकडचं ४११०४५ मध्ये. तिसऱ्या आकड्यालाच दोघांच्या वाटा फुटतात.

म्हणजे पिनकोड विचारला की काम झालं? अर्धंच. ४१०५०१ मध्ये एकटं महाळुंगे नाही, चाकण आणि आजूबाजूची बरीच गावं त्यात येतात. पिनकोड ही मोठ्या भोकांची चाळण आहे. त्यातून जे खाली पडतं त्याला बारीक चाळण लागते, ती अक्षांश-रेखांशांची.

अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर. चाकणकडचं महाळुंगे १८.७६ अंशांच्या आसपास आहे, बालेवाडीकडचं १८.५७ च्या. फरक ०.१९. त्याला १११ नं गुणलं की २१ येतात. म्हणजे नुसतं उत्तर-दक्षिण अंतरच २१ किलोमीटर झालं. नाव एक, दशांश चिन्हानंतरचे आकडे वेगळे, आणि मध्ये एक इंद्रायणी. फोनमधलं जीपीएस अक्षांश आणि रेखांश हे दोन आकडे अ‍ॅपला पुरवतं.

३. चुकलेलं नाव ओळखायचं कसं?

प्रत्येक जण जीपीएस चालू ठेवत नाही. बरेच जण नाव टाइप करतात, आणि टाइप करताना कोणी ‘महाळुंगे’ लिहितो, कोणी ‘म्हाळुंगे’. संगणक हट्टी असतो. एक खूण इकडची तिकडे झाली की त्याच्या लेखी ते दुसरं गाव.

त्याला थोडी समज देण्याची एक सोपी रीत आहे. व्लादिमिर लेव्हेनश्टाइन या रशियन गणितज्ञानं ती १९६५ मध्ये मांडली. एका शब्दाचा दुसरा शब्द करायला कमीत कमी किती दुरुस्त्या लागतात ते मोजायचं. अक्षर घालणं, काढणं किंवा बदलणं, प्रत्येकाची एक दुरुस्ती. ‘महाळुंगे’चं ‘म्हाळुंगे’ करायला ‘म’चा पाय मोडावा लागतो, म्हणजे एक खूण वाढते. अंतर १. अ‍ॅपला सांगून ठेवायचं की अंतर १ किंवा २ असेल तर ‘हेच म्हणायचंय का?’ असं विचार.

यातही एक खोच आहे. ‘महाळुंगे’चा शेवटचा एकार काढला की ‘महाळुंग’ उरतं. हेही अंतर १, पण महाळुंग हे सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातलं गाव. संगणकाच्या मोजपट्टीवर शुद्धलेखनाची चूक आणि दुसरा जिल्हा सारख्याच अंतरावर बसले. म्हणून शेवटचा निर्णय मोजपट्टीवर सोडायचा नाही. एसटीत कंडक्टर विचारतो तसं अ‍ॅपनंही सरळ विचारावं: “कुठलं महाळुंगे? चाकणचं का बालेवाडीचं?”

४. जवळ म्हणजे किती?

नकाशावर दोन ठिपके जोडून मोजलेलं अंतर कावळ्याच्या उपयोगाचं. माणसाला रस्ता लागतो, पूल लागतो, चौक ओलांडावा लागतो. शिफ्ट सुटायच्या वेळी चाकणचा तळेगाव चौक ज्यानं पाहिलाय त्याला हे सांगायला नको. कंपन्यांच्या बसेस, कंटेनर आणि दुचाक्या एकात एक अडकलेल्या असतात. तेव्हा चौकापलीकडचा चार किलोमीटरवरचा दवाखाना अलीकडच्या नऊ किलोमीटरवरच्या दवाखान्यापेक्षा लांब पडू शकतो. म्हणून यादी किलोमीटरनं न लावता मिनिटांनी लावायची, आणि मिनिटं घड्याळ बघून धरायची.

शिवाय जनावर नेणार कशावर? मांजर भाजीच्या क्रेटमध्ये घालून वरून ओढणी बांधली की दुचाकीवर जातं. मोठं कुत्रं शुद्धीत असलं तर स्कूटरच्या पायापाशी बसतं. ते निपचित पडलं की रिक्षावाला नको म्हणतो आणि टेम्पो शोधावा लागतो. त्यामुळं अ‍ॅपमध्ये ‘डॉक्टर घरी येतात का?’ ही एक खूण हवीच.

५. स्वस्त म्हणजे काय?

आता मुख्य शब्द. स्वस्त म्हटलं की आपण तपासणीची फी बघतो. पण खिशातून एकटी फी जात नाही. समजण्यापुरते काही आकडे धरू. हे प्रत्यक्ष दर नाहीत, फक्त हिशेब दाखवण्यासाठी आहेत.

सरकारी दवाखाना: केसपेपर २० रुपये, बाहेरून औषध ३००, रिक्षा १००. बेरीज ४२०.

संध्याकाळी उघडणारं खाजगी क्लिनिक: तपासणी ४००, औषध ३५०, पेट्रोल ५०. बेरीज ८००.

शहरातलं धर्मादाय रुग्णालय: फी १००, औषध २००, जाण्यायेण्याचे ६००. बेरीज ९००.

घरी असलेल्या निवृत्त आजोबांसाठी क्रम सरळ आहे, सरकारी दवाखाना सर्वांत स्वस्त. पण तोच प्रश्न फर्स्ट शिफ्टला जाणाऱ्या कंत्राटी कामगाराचा असेल तर? सरकारी दवाखाना दिवसा चालतो, धर्मादाय रुग्णालयात जाण्यात दिवस मोडतो. म्हणजे खाडा. खाड्याचे ७०० धरले तर सरकारी दवाखाना ११२० ला पडला, धर्मादाय १६०० ला, आणि खाजगी क्लिनिक ८०० वरच राहिलं. महाग वाटलेला डॉक्टर आता सर्वांत स्वस्त ठरला.

म्हणून अ‍ॅपनं सुरुवातीलाच एक प्रश्न विचारायचा: “जायला खाडा पडेल का?” एवढ्या एका उत्तरानं यादीचा क्रम बदलतो. सगळ्यांना एकच यादी दाखवणारं अ‍ॅप कोणाची तरी फसवणूक करतं.

दर मिळवणं हे वेगळंच काम. डॉक्टर म्हणतात, “जनावर बघितल्याशिवाय किती पैसे लागतील कसं सांगू?” त्यांचं खरं आहे. उलटीमागं शिळं अन्न असेल, नाहीतर पार्व्हो हा कुत्र्यांचा विषाणूजन्य आजार असेल. पहिल्याला एक इंजेक्शन पुरेल, दुसऱ्याला चार दिवस सलाईन लागेल. म्हणून आजाराचा दर विचारायचाच नाही. ज्यांचे दर ठरलेले असतात तेवढेच विचारायचे: तपासणी, रेबीजची लस, जंताचं औषध, नसबंदी. बाकीचं ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असं लिहायचं.

आणि प्रत्येक दरापुढं तारीख टाकायची. हे चाकणकराला पटवायला फार बोलावं लागणार नाही. चाकणचा बाजार कांद्यासाठी ओळखला जातो आणि मागच्या महिन्याच्या भावानं कोणी आज कांदा विकत नाही. तारीख नसलेला भाव म्हणजे नुसती अफवा.

६. ‘आत्ता’चे तीन रंग

आजारी माणसांनी भरलेल्या दवाखान्यात नर्स आधी कोणाला आत घ्यायचं ते बघते. अ‍ॅपलाही हे जमलं पाहिजे. रोग ओळखणं त्याचं काम नाही. घाई किती आहे, एवढंच त्यानं ठरवायचं.

लाल म्हणजे लगेच निघा. श्वास घेता येत नाही, फिट येतेय, विष खाल्लंय, रक्त थांबत नाही, उन्हात कोसळलंय, पिल्लाला रक्ताचे जुलाब होताहेत. यात एक लक्षण लोक हमखास हलक्यात घेतात: बोका पुन्हा पुन्हा लघवीला बसतो, कण्हतो, पण थेंब पडत नाही. घरच्यांना वाटतं बद्धकोष्ठ. प्रत्यक्षात मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो आणि असा बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो.

पिवळा म्हणजे आजच्या आज: एक-दोन उलट्या, लंगडणं, गोचिडांनी भरलेलं आणि मलूल पडलेलं कुत्रं. हिरवा म्हणजे या आठवड्यात कधीही: लस, जंताचं औषध, नखं.

आता गंमत बघा. यादी तीच, पण रंगाप्रमाणे लावायची रीत बदलते. लाल असेल तर ‘उघडं आहे का’ आणि ‘किती मिनिटांवर’ एवढंच वर; दर खाली. हिरवा असेल तर दर सर्वांत वर, दवाखाना दहा किलोमीटर लांब असला तरी चालेल. खरी बचत या हिरव्या रंगातच आहे. पिल्लू दीड-दोन महिन्यांचं झालं की पार्व्हो-डिस्टेंपरची लस, तिचे पुढचे डोस, तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची, मग दरवर्षी. पार्व्होच्या सलाईनच्या खर्चापुढं लसीचा खर्च किरकोळ असतो. म्हणून तारीख आली की आठवण करून देणारी घंटी हा या अ‍ॅपचा जोड-भाग समजू नये.

लाल पडद्यावर दोन ओळी कायम असाव्यात. पहिली: माणसाची गोळी जनावराला देऊ नका, आपली साधी पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेते. दुसरी: जनावर माणसाला चावलं असेल तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि आधी माणसांच्या दवाखान्यात जा. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की बहुतेक कोणी वाचत नाही. त्याआधी घेतलेली लस वाचवते.

७. डॉक्टर खरा कशावरून?

स्वस्ताच्या शोधात माणूस कोणापर्यंतही पोचतो. ‘तो सुई टोचतो, पन्नास रुपयांत’ असा माणूस बऱ्याच गावांत सापडतो. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ चा आहे. त्यानुसार पशुवैद्यकीय उपचार नोंदणीकृत पशुवैद्यानंच करायचे असतात. पदविका घेतलेले पशुधन पर्यवेक्षक किरकोळ सेवा देऊ शकतात, तेही नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली. पशुवैद्यक पदवीचा अभ्यास इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा आहे. मग अ‍ॅपचा नियम सोपा: नोंदणी क्रमांक नाही, तर यादीत नाव नाही.

लोकांच्या शेऱ्यांचं काय? एका दवाखान्याला दोनच जणांनी गुण दिलेत, दोघांनीही ५ पैकी ५. दुसऱ्याला ८० जणांनी दिलेत, सरासरी ४.४. वर कोण? सरळ सरासरी पहिल्याला वर चढवते, आणि ते दोघे डॉक्टरांचे मेहुणे असू शकतात. उपाय असा: प्रत्येकाच्या खात्यात आधीच १० काल्पनिक मतं साडेतीन गुणांची टाकून ठेवायची. पहिल्याची बेरीज १० अधिक ३५, भागिले १२, म्हणजे ३.७५. दुसऱ्याची ३५२ अधिक ३५, भागिले ९०, म्हणजे ४.३. आता क्रम पटण्यासारखा आला. नव्या दवाखान्यावर अन्यायही नाही. मतं वाढत गेली की काल्पनिक दहांचं वजन आपोआप कमी होतं.

८. यादी शिळी होते

आतापर्यंतचं सगळं संगणकाला शिकवता येतं. खरं कष्टाचं काम पुढं आहे. डॉक्टर जागा बदलतात, गुरुवारची सुटी रविवारी जाते, लस संपते. सकाळी ताजी असलेली मेथी संध्याकाळी माना टाकते, तशीच ही यादी.

हिशेब करू. समजा टापूत ३० दवाखाने आहेत. प्रत्येकाला महिन्यातून एकदा फोन, पाच मिनिटांचा. १५० मिनिटं, म्हणजे अडीच तास. एका माणसाची महिन्यातली एक दुपार. काम फार नाही, पण ते दर महिन्याला झालंच पाहिजे, आणि बहुतेक अ‍ॅपं नेमकी इथं मरतात. कोड चालू राहतो, आतली माहिती मात्र मेलेली असते.

मदतीला जनावरांचे मालकही घेता येतात. दवाखान्यात जाऊन आलेल्याला एकच प्रश्न विचारायचा: “उघडं होतं?” तीन जणांनी ‘नाही’ म्हटलं की नाव फिकं करायचं. दोन महिने फोन झाला नसेल तरी फिकं. आणि एक मोह टाळायचा: पैसे घेऊन कोणाला यादीत वर चढवायचं नाही. तसं झालं की सर्वांत वर सर्वांत महागडा दवाखाना दिसेल आणि ‘स्वस्त’ हा शब्द कापून टाकावा लागेल.

९. आधी वही

तुम्हाला हे खरोखर करायचं असेल तर प्रोग्रामरकडं जाऊ नका. आधी शंभर पानी वही आणा. महिनाभर गावातल्या ग्रुपवर सांगून ठेवा की जनावरांच्या डॉक्टरचा प्रश्न असेल तर या नंबरवर विचारा. प्रत्येक प्रश्नाला एक ओळ द्या. रकाने सहा: तारीख-वेळ, कोणतं जनावर, रंग कोणता, खाडा पडणार का, कुठं पाठवलं, आणि शेवटचा, काम झालं का.

महिन्याअखेरीस शेवटचा रकाना वरून खाली वाचा. ‘नाही’ कुठं कुठं आलंय? समजा, बहुतेक ‘नाही’ रात्री दहानंतरचे निघाले. मग कितीही चांगलं अ‍ॅप केलं तरी रात्री दहाला ते रिकामाच पडदा दाखवेल, कारण अ‍ॅप डॉक्टर शोधून देतं, डॉक्टर तयार करत नाही. पण आता तुमच्या हातात ओळीनं लिहिलेल्या तारखा आहेत. ती वही घेऊन परिसरातल्या सात डॉक्टरांना भेटता येतं आणि विचारता येतं, “आठवड्यातून एकेक रात्र वाटून घ्याल का?” त्यांनी होकार दिला तर अ‍ॅपमध्ये दाखवण्यासारखं काहीतरी असेल. मग प्रोग्रामरला फोन करा.